नळी निघेपर्यंत

शिवणकाम करणारे मास्तर उभ्या आयुष्यात कुणाचं निमूट ऐकून घेणारे नव्हते. आता मात्र तोंडात नळी, नळीला व्हेंटिलेटर, आणि नळी उपसू नये म्हणून दोन्ही मनगटं पलंगाला बांधलेली. न्यूमोनिया कधीच ओसरला होता. पण यंत्राने आयता श्वास पुरवून पुरवून छातीखालचा पडदा पार ऐतखाऊ करून ठेवला होता.

"आज पुन्हा बघू, मास्तर," डॉक्टर वाकून म्हणाले. "मशीनचा जोर कमी करतो. अर्धा तास आपला आपण श्वास घ्या. जमलं तर नळी काढू. नाहीतर उद्या गळ्याला छेद देऊन नळी तिथून घालावी लागेल."

दोनदा जमलं नव्हतं. डॉक्टर सगळं खापर त्या पडद्यावर फोडत. खरं कारण एकट्या मास्तरांना ठाऊक होतं: बायको. दोन्ही वेळा ती नेमकी तेव्हाच भेटायला आली, हात हातात घेतला आणि घरचं पुराण लावलं. तिने विचारायचं आणि मास्तरांनी गप्प राहायचं, असं त्यांच्या संसारात कधी झालंच नव्हतं. उत्तर द्यायला छाती उसळायची, खोकला नळीत अडकायचा, अलार्म कोकलायचा. सिस्टर धावत येऊन यंत्राचा जोर वाढवायची, आणि बायको बिचारी धीर द्यायला आणखी बोलायची.

आजही सुरुवात बरी झाली. ओल्या फडक्यातून ओढावा तसा श्वास ओढावा लागत होता, पण येत होता. तेवढ्यात ती आलीच आणि तिने हात हातात घेतला.

"अहो, कपाटाची किल्ली काही सापडत नाही. शर्टाच्या खिशात तर नाही ना ठेवलीत?"

बटणांच्या डब्यात आहे, बाई! मास्तरांची छाती उसळली. मॉनिटरवरचा आकडा चढायला लागला. त्यांना घाम फुटला. मान हलवली असती तर ती "काय, काय?" करत बसली असती. त्यांनी बांधलेला हात होता नव्हता तेवढा जोर लावून तिच्या हातातून ओढून घेतला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटले.

"रागावलात?" तिने बोटांना हळूच स्पर्श केला. मास्तरांनी मूठ आवळली.

थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तरांना भडभडून आलं, पण रडायलाही श्वास लागतो. नळी निघाली की आधी तिलाच सगळं सांगायचं, असं ठरवून ते एकेक श्वास ओढत राहिले.

अर्धा तास निभावला. नळी निघाली, हात सुटले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला. मास्तरांनी बायकोला हाक मारली. घशातून नुसती हवा आली.

"नळीने घसा सुजलाय," सिस्टर म्हणाली. "आवाज यायला वेळ लागेल. अजिबात बोलायचं नाही."

मुलगी मिनिटभरासाठी आत आली. "आई येत नाही म्हणते, बाबा. म्हणाली, 'मी गेले की त्यांना त्रास होतो, माझं तोंडसुद्धा बघायचं नाही त्यांना.'"

मास्तर जोरजोरात मान हलवू लागले.

"मास्क सरकतोय," सिस्टरने डोकं धरलं. "ताई, तुम्ही बाहेर व्हा बरं."

काचेपलीकडे बायको पिशवी छातीशी धरून उभी होती. मास्तरांनी तिला बोलवायला हात उचलला. इतके दिवस पडून राहून दंडात ताकद उरली नव्हती. हात वीतभर वर आला आणि बाहेरच्या बाजूला झटकल्यासारखा खाली पडला.

तिने ते पाहिलं. जाते, अशी मान डोलावली आणि ती जिन्याकडे वळली.