बिजलीचे सेल

"सरजा, तुझ्या घरी येऊन तो गेम खेळू का?"

एवढंच विचारायचं होतं, पण मी विचारणार नाही अशी वर्गातल्या पोरींनी पैज लावलेली. बौद्धवाड्यात आमच्या गल्लीतलं कुणी खेळायला जात नव्हतं. मी नुकतीच वक्तृत्वाची ढाल आणलेली, मला कशाची भीती! सरजा हसली. "ये की. हरलीस तर रडायचं न्हाई."

तिच्या काकानं दुबईहून आणलेला, तळहाताएवढा टेनिसचा गेम. त्यातली खेळाडू आपणच वाढवायची. सामना जिंकला की तिची ताकद वाढते, नवा फटका येतो. आमी तिचं नाव ठेवलं बिजली. सरजा तिला पळवायची, मी फटका मारायची. गेम एकच, अंगठे दोघींचे, खांद्याला खांदा. दिवाळीनंतर बिजलीला असा फटका आला की चेंडू मधेच गायब!

"लय माजलीय तुझी पोरगी," सरजा म्हणाली.

"तुझी बी हाय."

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, आणि त्याच संध्याकाळी सरजाच्या घरावर दगड पडले. आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला. "अण्णा, जा ना," मी वडलांना म्हणाले. अण्णांनी आतून कडी लावली.

तिचे वडील मास्तर. त्यांनी परभणीला बदली मागून घेतली. जाताना सरजानं गेम माझ्या हातात ठेवला. "सेल काढू नको, बिजली समदं विसरती. बोलवीन तवा घेऊन ये."

बोलावणं आलंच नाही. मी एकटी खेळायला बसले की बिजली जागच्या जागी उभी. पळवणारी कुठं होती?

काल शाळेतून आले तर आईनं गेमचे सेल टॉर्चच्या सेलांसोबत पत्र्यावर उन्हात ठेवलेले. "मंद झाले होते गं. तू रोज तोंड पाडून बसतीस म्हणून तापवले."

सेल घातले. पडदा उजळला आणि खेळाडूचं नाव विचारू लागला. मी भिंतीला टेकून रडले, हुंदक्यानं श्वास पुरेना.

"अगं, चालू तर झालंय की!" आई घाबरली.

"खेळणंच ते," अण्णा म्हणाले. "दुसरी वाढव."

मी तोंड पुसलं.

"आई, अण्णा, मी उद्या सकाळच्या गाडीनं सरजाकडं चालले. बिजली गेली हे मीच सांगणार. त्या दिवशी आपण कडी लावली, ते बी सांगणार. अण्णा, तुमी संगं आलात तर बरं. न्हाई आलात तरी मी चालले."