कूलर बंद करून

रुख्मिणीनं कूलरचं बटण बंद केलं आणि पाठोपाठ खोलीतला दिवाही मालवला. कूलर जुना, पत्र्याचा; थांबताना म्हाताऱ्या बैलासारखा दोन-तीनदा धपापला आणि गप्प झाला. तो गप्प झाला तसं समोरचं घर गल्ली ओलांडून आत आलं. आधी ताटवाट्यांचा आवाज, मग पुरुषाचं हळू बोलणं, मग त्या पोरीचं हसणं. रुख्मिणी पलंगाच्या कडेला, खिडकीच्या गजांपासून हातभर मागे सरकून बसली. पाठीवरून घामाचे ओघळ उतरायला लागले. मे महिना, अकोला आणि बंद कूलर. असला जाच कुणी सुखासुखी करून घेत नाही. तिला मात्र तो जाच वाटत नव्हता.

समोर ते दोघं जेवायला बसले होते. शिवमनं आमरसाची वाटी आकांक्षापुढे सरकवली, पोळीचा तुकडा बुडवला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. ती मागे झाली, हसली, मग तोंड उघडलं.

"कूलर काहून बंद केला वं?" पुढच्या खोलीतून गोवर्धनरावांनी विचारलं. बातम्यांचा आवाज त्यांच्या आवाजापेक्षा मोठा होता.

"पानी संपलं."

"मंग भर नं."

"भरू जरा वेळानं."

गोवर्धनरावांनी पुढे काही विचारलं नाही. ते कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाले होते आणि घरातल्या प्रश्नांमधून त्याच्या कितीतरी आधी.

सुरुवात अगदी साधी झाली होती. जठारपेठेमागची ही गल्ली इतकी अरुंद, की समोरच्यानं मिरचीची फोडणी दिली तर इकडे ठसका लागावा. समोरच्या सूर्यभानजींच्या घरात वरच्या मजल्यावर हे जोडपं भाडेकरू म्हणून आलं ते थंडीत, तेव्हा त्यांची खिडकी बंद असायची. एप्रिलमध्ये त्यांनी कूलर बसवला. कूलर चालवायचा तर समोरासमोर दुसरी खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर थंडावा राहतो बाजूला आणि अंगाला नुसती चिकचिक होते. ती दुसरी खिडकी नेमकी रुख्मिणीच्या खोलीसमोर होती. पहिल्या दिवशी नजर सहज गेली. दुसऱ्या दिवशी सहज गेली नाही.

तिला काय बघायचं होतं, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तेल्हाऱ्याच्या भरल्या घरात ती सून होऊन आली तेव्हा तिच्यावरच डोळे असायचे. सासू बघायची, चुलतसासू बघायची, नणंदा बघायच्या: पोळी केवढी लाटली, पदर कुठे आहे, नवरा खोलीत गेल्यावर ही किती वेळानं उठली. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची तिथे सोय नव्हती. अकोल्यात बिऱ्हाड केलं तेव्हा सोय झाली, पण तोवर बोलायची सवयच लागायची राहून गेली होती. पोटी किशोर आला, वाढला, नोकरीसाठी हैदराबादला गेला. आणि आता, नातवंडांच्या वयाला आल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा रुख्मिणी बघणारी झाली होती. आपण बघतो आहोत आणि आपल्याला कुणी बघत नाही, यात केवढी मौज आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं स्वतःपुरता एक नियम केला होता. त्यांनी दिवा घालवला की आपण उठायचं. नियम असला की पाप जरा हलकं होतं. पण एकदा दिवा चालू असतानाच शिवमनं आकांक्षाच्या मानेवरचे ओले केस बाजूला सारले आणि तिथे ओठ टेकवले, तेव्हा रुख्मिणीला उठता आलं नाही. तोंडाला कोरड पडली, कानशिलं तापली. नंतर तिला लाज वाटली, खूप वाटली. आणि त्या लाजेसकट तिनं दुसऱ्या संध्याकाळची वाट पाहिली. गल्लीतल्या बायकांना 'आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून' असं टोचून बोलण्यात तिचा हात कुणी धरत नसे, ही आणखी एक गंमत.

तिला सगळ्यांत जास्त आवडलं ते मात्र परवाचं. आकांक्षाच्या उजव्या मनगटाला काहीतरी लागलं होतं. शिवम तिच्यापुढे जमिनीवर बसला, तिचा हात मांडीवर घेतला आणि मलम लावत राहिला, सावकाश, बोटाबोटांनी. रुख्मिणीचा हात एकदा कडब्याची कुट्टी करायच्या अडकित्त्यात सापडला होता. गोवर्धनराव तेव्हा 'डॉक्टरकडे जाऊन ये' म्हणाले होते आणि पैसे ठेवून कामावर गेले होते. ते काही वाईट वागले नव्हते. पण परवा तिला अंधारात बसल्या बसल्या रडू आलं.

रविवारी रुख्मिणीकडे कुरोड्या होत्या. वऱ्हाडात कुरोड्या एकटीनं होत नाहीत. आज माझ्या गच्चीवर तू, उद्या तुझ्या गच्चीवर मी. उन्हं चढायच्या आत काम उरकायचं. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक खाली शेजारची चंदा शिजवत होती. गल्लीतल्या सगळ्या शिजवणाऱ्यांमध्ये तिचाच चीक गाठीविना उतरायचा. वर गच्चीवर रुख्मिणीनं धोतराचं जुनं पान अंथरलं होतं. आकांक्षा पहिल्यांदाच आली होती. अमरावतीची पोर, शिकलेली, पण कामाला लाजत नव्हती. तिनं साचा घेतला, गरम चीक भरला आणि दाबायला लागली. दोन कुरोड्या पडल्या. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा पिळवटला.

"राहू दे, राहू दे, आण इकडे," रुख्मिणी म्हणाली. "त्या हातानं दाबू नको. परवाच तर त्यानं मलम लावून देल्लं नं."

बोलून गेल्यावर तिला कळलं. खालून चंदाचा पातेल्यात चाटू फिरवण्याचा आवाज तेवढा येत होता. सगळं संपलं, असं रुख्मिणीला वाटलं. ही पोर आता उठेल, खाली जाईल, चंदाला सांगेल, आणि दुपारपर्यंत गल्लीत आपल्याला तोंड राहणार नाही. तिनं साचा उचलला आणि कापडावर नजर रोवली.

"लावलं," आकांक्षा म्हणाली. "तुमची खिडकी समोर होती ना, काकू. म्हणून लावलं."

रुख्मिणीनं मान वर केली नाही.

"तुले माहीत होतं?"

"दोघांनाही माहीत आहे. मे महिन्यात कूलर बंद करून अंधारात कोण बसते, काकू? तुमचा कूलर चालू असला की आमच्या घरात बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही. अन् रोज जेवायच्या वेळेलेच तो बंद होते."

चीक साच्यातच घट्ट व्हायला लागला होता. रुख्मिणीनं दाबलं नाही.

"पहिले त्यांच्याच ध्यानात आलं," आकांक्षा सांगत राहिली. भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "त्यांना आवडते ते. म्हणतात, म्हातारी बसली पाहाले, आता नीट हस. चल, आज तिले सिनेमा दाखवू."

"ते केस... मानेवरचं..."

"तेसुद्धा."

रुख्मिणीच्या अंगावर काटा आला. ती फुकट बघत होती असं तिला वाटत होतं, आणि इतके दिवस तिच्याच डोळ्यांवर कुणीतरी आपली हौस भागवून घेत होतं. चोराच्या घरी चोरी झाल्यावर जसं बोंबलताही येत नाही, तसं तिचं झालं. पण हे मनात आलं आणि लगेच गेलं, कारण आकांक्षानं बांगड्या वर सारल्या होत्या. मनगटावर चार बोटं उमटलेली होती, निळी-पिवळी.

"कवा, कुठी करते हे?"

"मागच्या खोलीत. तिथे खिडकी नाही." तिनं बांगड्या खाली घेतल्या. "थंडीत तर रोजचंच होतं. उन्हाळा बरा गेला, काकू. तुम्ही बसता तितका वेळ ते गोड असतात. कधी कधी तो गोडवा झोपेपर्यंत टिकते."

"आईले सांगितलं?"

"आई म्हणते, नवा संसार आहे, जमवून घे."

जिन्यावर चंदाची पावलं वाजली. आकांक्षा घाईघाईनं बोलली, "तुम्ही बसणं बंद नका करू. अन् त्यांना काही बोलूही नका. ते म्हणतात, ही म्हातारी कधी मध्ये पडली, तर काय काय पाहत होती ते गल्लीभर सांगीन. तिच्या नवऱ्याले पहिले."

चंदा पातेलं घेऊन वर आली. "काय वं, दोघी मिळून दोनच कुरोड्या? घ्या, गरम हाये तवर दाबा."

दिवसभर रुख्मिणीनं कुरोड्यांची राखण केली, कावळे हाकलले, उलथवून टाकल्या. हात चालत होते. पोरीसाठी जीव तुटत होता, हे खरं. पण गोवर्धनरावांच्या कानावर गेलं तर ते काय म्हणतील, चंदा काय म्हणेल, किशोरच्या सासरी कळलं तर, हेही तितकंच खरं होतं. सासुरवासात तिनं सगळं सोसलं, पण 'ही बाई तसली' असं कुणाला म्हणू दिलं नव्हतं. एवढं एकच तिनं कमावलं होतं. आपण आपलं बसावं, पोरगी म्हणते तसं. तेवढाच तिला आधार. पावसाळा लागून खिडक्या बंद झाल्या की काय, त्याचा विचार पावसाळ्यात.

संध्याकाळी तिनं कूलर बंद केला. दिवा मालवला.

समोर जेवण चाललं होतं. रोजचंच. पण आज रुख्मिणीला घास दिसला नाही, घास भरवण्याआधी शिवमनं या खिडकीकडे टाकलेला डोळा दिसला. इतके दिवस ती त्याच्या हातांकडे बघत होती. डोळ्यांकडे बघायचं राहिलंच होतं. तो बघायचा, मग हसायचा. तो हसला की आकांक्षा हसायची, जरा उशिरा.

दुखऱ्या हातानं आकांक्षानं आमरसाचं पातेलं उचललं आणि ते कलंडलं. रस शिवमच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. तो उलट मोठ्यानं हसला, खिडकीकडे बघून. नॅपकिननं शर्ट पुसला. मग उठला, दिवा घालवला आणि तिला कोपराला धरून आत नेलं. पाहुण्या बाईला धरून न्यावं, इतकं हळुवार.

दिवा गेला की उठायचं, हा नियम होता. रुख्मिणी बसून राहिली. कूलर बंद होता म्हणून तिला आतलं दार लागल्याचं ऐकू आलं. मग काही नाही. मग भांडं आपटावं तसा आवाज, आणि हे भांडं नाही हे तिला कळलं.

ती पुढच्या खोलीत आली तेव्हा घामानं निथळत होती.

"कुठी चाल्ली वं?"

"समोर. त्या पोरीले मारून राह्यला तो."

"तुले काय माहीत?"

रुख्मिणी दारात थांबली. पाणी भरायला गेले होते, गॅलरीतून ऐकू आलं, चंदानं सांगितलं. खोटं बोलायला तिला काहीही सुचलं असतं.

"म्या रोज पाह्यलं तिथी. अंधारात बसून. सारंच पाह्यलं."

गोवर्धनराव बायकोकडे बघत राहिले. किती वर्षांत त्यांनी तिच्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. मग त्यांनी टीव्ही बंद केला. ते काय म्हणणार, याची वाट बघायला ती थांबली नाही. जिना उतरली, गल्ली ओलांडली, समोरचा जिना चढली आणि सूर्यभानजींच्या बिऱ्हाडातही ऐकू जाईल इतक्या जोरानं कडी वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. शिवमनं शर्ट बदलला होता. केस सारखे केलेले, चेहऱ्यावर आदबशीर हसू.

"काकू! तुम्ही? या वेळेला?" आणि आवाज खाली घेऊन, ओठ न हलवता, "कूलर बिघडला का?"

"नाई," रुख्मिणी म्हणाली. आवाज गच्चीवरून हाक मारावी तसा निघाला. खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचं तिला ऐकू आलं. "बिघडला नाई. म्याच बंद केला. बंद केल्याबिगर तुमचं काही ऐकू येत नाई न मले."

शिवमचं हसू तसंच राहिलं, पण डोळे तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे गेले.

"काकू, काय बोलून राहिले तुम्ही? लोकं ऐकतीन."

"ऐकू दे. आमच्या खिडकीतून सारं दिसते, बापा. तुमची मागची खोली तेवढी दिसत नाई. ते पाहाले आली."

तिनं त्याला हातानं बाजूला केलं आणि चपला न काढता आत गेली.