शेवटच्या स्लेजमागची बर्फगाडी

मित्रांनो, नदीकाठी मासे सुकवायच्या छपराखाली एका अंगावर कललेली जी गाडी दिसते ना, ती मीच. बर्फावरून धावणारी मोटारगाडी. पुढे दोन पट्ट्या, मागे झिजलेला रबरी पट्टा, आणि आसनाच्या फाटक्या गादीत सध्या एका कुत्रीची पिल्ले झोपतात. त्यांच्या उबेने माझे बरे चालले आहे. काम काही उरलेले नाही, म्हणून तुम्हाला माझी हकीकत सांगते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवतो तो उन्हाळा, नदीचे बर्फ फुटल्यावर सामानाच्या बोटीतून मी या अलास्कातल्या गावी उतरले तो. वासिलीने मला विकत घेतले तेव्हा माझा रंग पिवळाधमक होता. त्याची बायको मात्रोना मला सगळीकडून न्याहाळून म्हणाली, "झालं! आता या माणसाचा पाय घरात ठरायचा नाही."

तसेच झाले. जळणाची लाकडे, पिण्याच्या पाण्यासाठी नदीतून कापलेल्या बर्फाच्या लाद्या, पोटात कळा सुटलेली माणसे, चर्चला निघालेल्या म्हाताऱ्या, असे सगळे मी ओढले. कोणाची गाडी अडली की लोक वासिलीच्या दाराशी येत. मी जरा फुशारकीही मारायचे. माझ्यासारखी गाडी साऱ्या नदीवर नाही, असे मला वाटायचे.

पण माझे आवडते काम वेगळेच होते. मात्रोनाकडे कुत्री होती, तिच्या वडिलांच्या कुत्र्यांच्या वंशातली. रोज वासिली माझ्यावर सुके सामन मासे लादून कुत्र्यांपाशी न्यायचा. वळणावर माझा आवाज आला की सगळी कुत्री उड्या मारू लागत. सर्वांत पुढे धावणारी बिस्किट नावाची कुत्री तर शेपटीबरोबर सगळे अंग हलवायची. इतक्या प्रेमाने माझे स्वागत कधी कोणी केले नाही.

मात्रोनाची पन्नाशी उलटली, तेव्हा तिने लांब पल्ल्याच्या हिवाळी शर्यतीत नाव दिले. गावोगाव मुक्काम करत, गोठलेल्या नदीवरून कुत्र्यांनी ओढायच्या बिनचाकी स्लेजने जायचे. तिच्या वडिलांना ही शर्यत पुरी करता आली नव्हती. ती म्हणे, "पहिली यायचंच नाही मला. बाबांची कुत्री शेवटच्या गावात नेऊन उभी करायची आहेत, एवढंच." गावातल्या बायका हसल्या. वासिली मात्र गुपचूप कुत्र्यांच्या पायांसाठी कापडी मोजे शिवायला बसला.

सर्वांत शेवटच्या स्लेजमागे एक बर्फगाडी ठेवायची, असा शर्यतीचा रिवाज होता. वाटेवर खुणेसाठी रोवलेल्या काठ्या तिने उपटून आणायच्या आणि कोणी मागे पडले नाही ना, ते बघायचे. त्या वर्षी नेमलेला माणूस आजारी पडला, आणि वासिलीने ते काम मागून घेतले. एकच अट होती. स्लेजला किंवा कुत्र्याला त्याचा हात लागला, तर ते स्लेज शर्यतीतून बाद.

बहुतेक वाटेत मात्रोनाच्या मागे आणखी दोन स्लेज होती, त्यामुळे आम्ही तिच्यापासून लांब होतो. मग ती दोन्ही वाटेतल्या गावी शर्यत सोडून थांबली आणि मात्रोना शेवटची उरली. त्या गावातून निघण्याआधी पंच निकिफोर तिला म्हणाला, "सूर्य मावळायच्या आत शेवटचं गाव गाठ बरं का, मात्रोना. नंतर आलीस तर सूप मिळेल, पण नाव लागायचं नाही."

दुपारी आम्ही तिला गाठले. मित्रांनो, तेव्हा माझा ऊर भरून आला. बिस्किटचे कान उभे राहिले. तिने मागे वळून पाहिले, आणि सगळ्या कुत्र्यांसह ती भर नदीत खुशाल बसली. जीभ बाहेर, शेपट्या हलताहेत. त्यांना वाटले, मासे आले!

"चला! चल गं बिस्किट!" मात्रोना ओरडली. कोणी हलेना. तिने पुढे जाऊन दोर ओढला. कुत्री दोन पावले चालली आणि परत माझ्याकडे तोंड करून बसली.

"अरे, कुठली गाडी घेऊन आलास?" ती वासिलीवर उखडली. "हिचा आवाज म्हणजे यांच्या जेवणाची घंटा! तुला दुसरी गाडी मिळाली नाही?"

"हे डोक्यातच आलं नाही गं माझ्या." वासिली खाली उतरून धावला. "थांब, मी बिस्किटला..."

"हात लावू नकोस! लावलास तर इथंच संपलं सगळं."

तो जागच्या जागी थिजला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या आवाजाने मी त्यांना रोज जेवायला बोलावले, तोच आज त्यांच्या आड आला होता. आम्ही मागे फिरलो असतो, तर कुत्री स्लेजसकट आमच्यामागे धावली असती.

वासिलीने माझ्याकडे पाहिले आणि किल्ली फिरवून मला बंद केले.

"वेडा आहेस का?" मात्रोनाचा आवाज एकदम बदलला. "या थंडीत बंद केलीस तर परत चालू व्हायची नाही ती."

"न होऊ दे. तू नीघ."

"आणि तू?"

"मी ताडपत्रीखाली गप्प पडून राहतो."

"गप्प? तू? हे तर जन्मात जमलं नाही तुला."

"म्हणूनच लवकर जा."

त्याने मला ताडपत्रीने झाकले आणि स्वतःही आत शिरला. बाहेर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग बिस्किट एकदा भुंकली, स्लेज करकरले, आणि तो आवाज लांब लांब जात वाऱ्यात बुडाला. वासिलीने हातमोज्याने डोळे पुसले. "गेली गं बाई," तो मला म्हणाला.

त्यानंतर मी खरोखरच चालू होईना. त्याने मला चालू करायचा दोर ओढून ओढून खांदा दुखवून घेतला. शेवटी त्याने डब्यात थोडे तेल पेटवून डबा माझ्या पोटाखाली ठेवला आणि वर ताडपत्री धरून तो तसाच ओणवा उभा राहिला. शिव्या देत होता, अधूनमधून माझ्या पाठीवर थोपटतही होता. सूर्य मावळता मावळता मी एकदाची खोकले.

शेवटच्या गावात पोचलो तेव्हा अंधार पडू लागला होता. त्या गावात शर्यत सुरू झाली की एक कंदील लावतात. शेवटचा गडी सुखरूप आला की त्यानेच तो विझवायचा. कंदील अजून जळत होता. ते पाहून वासिलीचा चेहरा पडला. म्हणजे मात्रोना पोचलीच नाही!

तेवढ्यात आमच्या आधीच तिथे पोचलेला निकिफोर पुढे आला. "आलास का, बाबा! तुझ्यामागे आता आम्हीच गाडी काढणार होतो. तुझी बायको सूर्य वर असतानाच आली. पण कंदील विझवेल तर शपथ! सगळ्यांना गारठवलंय तिने."

कंदिलाखाली पसरलेल्या वाळल्या गवतावर कुत्री गाढ झोपली होती आणि मात्रोना त्यांच्याशेजारी बसली होती.

"विझवला का नाहीस गं?" वासिलीने विचारले.

"शेवटचा गडी यायचा होता."

"मी कुठे शर्यतीत होतो?"

"मग इतक्या लांब माझ्यामागे काय हवा खायला आलास?"

ती उठली, त्याच्या टोपीवरचे बर्फ तिने झटकले, आणि मग दोघांनी मिळून कंदिलावर फुंकर मारली.

मित्रांनो, पुढे नवी गाडी आली आणि मी छपराखाली गेले. त्याचे दुःख नाही. यंत्रांना तेलपाणी करा, थंडीत झाकून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणे आहे. आपले माणूस लांबच्या वाटेला लागले, की त्याच्यामागे फार आवाज करू नका. त्याला जाऊ द्या. आणि त्याच्यासाठी जो मागे थंडीत थांबला, तो येईपर्यंत दिवा तेवढा विझवू नका.