पैलवान टाइप

"आत्याबाई, हे काय छापून ठेवलंय?" छापखान्याच्या मालकाने ओला कागद तिच्यासमोर आपटला. "साहेबांचं नाव कुठाय?"

"खाली आहे. चष्मा लावा, दिसेल."

तळाची बारीक ओळ सोडली, तर कागदभर तीनच शब्द होते. पाणी पिऊ नका. छपाईच्या लाकडी खिळ्यांतला सगळ्यात जाड टाइप. अक्षरांच्या टोकाटोकाला विटेसारखे चौकोनी पाय, कुणी ढकललं तरी हलणार नाहीत असे. छापखान्यात त्याला 'पैलवान' म्हणत. सर्कस आली, लिलाव निघाला, की तो खणातून बाहेर यायचा. लग्नपत्रिकेसाठी त्याला कुणी हात लावत नसे. गल्लीच्या टोकावरून हाक मारणारा टाइप. एकवीस वर्षं आत्याबाईच त्याला पुसूनपासून ठेवत आली होती.

तिला आत्याबाई सगळेच म्हणत. खरी भाची एकच, भावाची मुलगी. ती चार दिवसांपासून सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती.

मागच्या आठवड्यात पाणीखात्याची हीच सूचना आत्याबाईने जुळवली होती. वर खात्याचं नाव, त्याखाली साहेबांचं नाव पदासकट ठळक, मग 'नागरिकांना नम्र विनंती', आणि सगळ्यात शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत, की टाकीत गटाराचं पाणी शिरल्याचा संशय असल्याने पिण्यासाठी वापर तूर्त टाळावा. सांगितलं तसं तिने निमूट केलं होतं. भावजयीने तो कागद नळाशेजारी पाहिलाही होता. साहेबांचा सत्कार-बित्कार असेल, असं वाटून तिने कळशी भरून घरी नेली.

आज तोच मजकूर पुन्हा आला होता. आणखी दोनशे प्रती.

"साहेब बाहेर बसलेत," मालक आवाज खाली आणत म्हणाला. "पहिल्यासारखं करा आणि मोकळ्या व्हा."

तेवढ्यात साहेबच आत आले. कागद पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, एवढी राक्षसी अक्षरं! लोक घाबरतील ना."

"घाबरू देत की."

"खात्याची भाषा सौम्य असते."

"भाषा सौम्य आणि पाणी जहाल!" आत्याबाईचा आवाज चिरला. "बारा वर्षांची पोर आहे आमची. घोटभर पाणी पोटात ठरत नाही तिच्या. आणि मी काय छापलं? तुमचं नाव! लांबून वाचता येईल असं! कीड पडो माझ्या हातांना!"

साहेबांनी मालकाकडे पाहिलं. मालकाने जमिनीकडे.

"उद्यापासून येऊ नका, आत्याबाई," तो म्हणाला.

"नाही येत. पण दोनशे छापून झालेत. त्यांचं काय करणार?"

"काय करणार? रद्दी."

"मग रद्दी मी नेते."

तिने गठ्ठा काखेत मारला, खळीचा डबा उचलला आणि भर दुपारी बाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही.

चौथ्या नळापाशी ती कागद चिकटवत होती, तेव्हा रस्त्यापलीकडून एक बाई बादली घेऊन येत होती. रस्त्याच्या मध्यावरच ती थबकली. तिथूनच तिने वाचलं. मग तरातरा जवळ आली.

"हे आज लावताय?" ती ओरडली. "आठ दिवस पितोय आम्ही! लेकरं पितायत! आधी हात मोडले होते का तुमचे?"

आत्याबाईने पुढचा कागद भिंतीवर धरला आणि त्याचे चारही कोपरे तळहाताने दाबत राहिली.