सी आणि व्ही झिजलेला कीबोर्ड

मित्रांनो, पुढे वाचण्याआधी एकदा आपले हात बघा. तेलकट असतील तर धुऊन या, मी थांबतो. मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि किळस म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथे सगळे हातमोजे घालून काम करत. मला वाटलं, जग असंच असतं. पुढे मी शनिवार पेठेतल्या एका दुकानात आलो. तिथला दुकानदार गिऱ्हाइकाला माझं खोकंही उघडू देत नसे. "घ्यायचा असेल तर उघडतो. बघायचा असेल तर खोक्यावर चित्र आहे," असं तो सांगे. लोक त्याला नावं ठेवत, पण तसा शहाणा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

तिथून आमोद सरांनी मला विश्रांतवाडीला नेलं. त्यांचा कॉम्प्युटर क्लास एका रसवंतीच्या वर आहे. म्हणजे खाली उसाचा रस, वर प्रोग्रामिंग आणि मधल्या जिन्यात माश्या. सुरुवातीला माझ्यावर प्लास्टिकचं कव्हर होतं. ते फाटलं आणि माझे हाल सुरू झाले. मुलं वेफर्स खातखात टाईप करत. नाक पुसलेलं बोट थेट एंटरवर ठेवत. भेळेतला कांदा माझ्या स्पेसबारखाली सडला. कोणी नखं कुरतडली, तीही माझ्यातच पडली. खंडेनवमीला मात्र सर न चुकता माझी पूजा करत. तेव्हा माझ्या फटींत हळदकुंकू जाई आणि ते पुढच्या खंडेनवमीपर्यंत तिथेच राही. एरवी साधं फडकंसुद्धा कोणी फिरवलं नाही.

पण खरं सांगू का, मळाची सवय होते. शिसारी आली ती दुसऱ्याच गोष्टीची. क्लासमध्ये एकच तयार प्रोग्राम होता. त्यात मुलांची नावं आणि मार्क घातले, की ज्याचे मार्क जास्त त्याला तो पहिला नंबर देई. सर सांगत, "टाईप करत बसू नका, चुका होतात. कॉपी करा, पेस्ट करा आणि वर आपलं नाव घाला." झालं. कंट्रोल दाबून सी, कंट्रोल दाबून व्ही. या दोन बटणांवरची अक्षरं पार पुसून गेली आणि बाकीची बटणं नुसती बसून खात होती. मुलांना सर्टिफिकेट मिळे, घरोघरी पेढे वाटले जात, आणि मला मळमळे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ऋतिका आली. नुकतीच नववी झालेली, शहराच्या हद्दीत घेतलेल्या एका जुन्या गावातली मुलगी. तिचे वडील बजरंग शेतकरी, आणि बैलगाडा शर्यतीचे मोठे शौकीन. त्यांनी पहिल्याच दिवशी सरांना सुनावलं, "माझ्या पुतण्यानं वरीसभर असाच क्लास केला, आन त्याला काय बी येत न्हाई. सुट्टी संपताना मी सवता येऊन बघणार हाय. पोरीला खरंच येत असंल तर जूनपासून पुढचा क्लास. न्हाईतर बंद." ऋतिकाचा चेहरा उतरला. तिला हे शिकायचंच होतं, हे तिच्या बोटांवरूनच मला कळत होतं.

तिनं ठरवलं, वडिलांना त्यांच्याच शर्यतीचा निकाल लावून दाखवायचा. गाडामालकाचं नाव आणि त्याच्या बैलांना घाट, म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी, चढायला लागलेले सेकंद घातले, की प्रोग्रामनं नंबर लावायचे. ती एका बोटानं, अक्षरं शोधत टाईप करायची. कंस विसरला की पडद्यावर लाल ओळ यायची आणि ही रडकुंडीला यायची. पण बसण्याआधी ओढणीला हात पुसायची. वर्षानुवर्षं कोणी न शिवलेली माझी बटणं कामाला लागली. माझे ते सगळ्यात चांगले दिवस.

शेवटी फक्त नंबर लावायचा भाग उरला. तो काही केल्या जमेना. सर मागून म्हणाले, "अगं, तो भाग आपल्याकडे तयार आहे की. चिकटव आणि मोकळी हो." ती जरा घुटमळली. मग कंट्रोल आणि सी, कंट्रोल आणि व्ही. तिचीही बोटं त्याच वाटेला गेली, याचं मला फार वाईट वाटलं.

सुट्टी संपताना सरांनी सगळ्याच पालकांना बोलावलं, त्या दिवशी सगळी मशीनं भरलेली होती. ऋतिकाच्या शेजारी बसलेल्या पृथ्वीराजनं खालून रसाचा ग्लास आणला होता. आईला आपला प्रोग्राम दाखवताना त्याचा धक्का लागला आणि अख्खा ग्लास माझ्यावर आला. काय सांगू तुम्हाला. सरांनी मला उलटं करून झटकलं, खिडकीच्या पडद्याला पुसलं आणि म्हणाले, "चालतोय, चालतोय."

ऋतिकानं एंटर दाबलं. निकाल आला. बजरंग वाकून वाचू लागले.

"गेनबाचा गाडा पयला?" ते म्हणाले. गेनबा त्यांचा चुलतभाऊ. "अगं, त्याची बैलं निम्म्या घाटात हुबी राहत्यात. आन मी खालनं दुसरा?"

मागचे पालक हसले. सर घाईनं म्हणाले, "अहो, प्रोग्राम बरोबर आहे. हाच सगळ्यांना दिलाय."

"मंग ऱ्हाऊ द्या. चल गं, दप्तर घे."

"आप्पा, पाचच मिनिटं थांबा ना," ऋतिका म्हणाली. "लॉजिक उलटं झालंय. मार्कांत जास्तवाला पहिला, पण शर्यतीत कमी वेळवाला पहिला. मी सरांचं तसंच चिकटवलं."

बजरंग उभेच राहिले. ऋतिकानं 'पेक्षा मोठा' हे चिन्ह खोडलं आणि 'पेक्षा लहान'चं बटण दाबलं. ते खाली गेलं आणि रसात चिकटून बसलं. पडद्यावर काहीच उमटेना. तिनं नखानं उचलून पुन्हा दाबलं. मी आतून जिवाचा आटापिटा केला, पण त्या घाणीपुढे माझं काही चालेना. मला माझीच किळस आली.

सरांना लगेच सुचलं. "नेटवर ते चिन्ह शोध, तिथून कॉपी कर आणि इथे पेस्ट."

"नको सर. लागणार नाही ते."

तिनं हात मांडीवर ठेवले आणि त्या ओळीकडे बघत राहिली. आधी तिथे लिहिलेलं होतं, की पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर पहिल्याला वर ने. 'पेक्षा मोठा'चं बटण चालू होतं. तिनं तेच चिन्ह परत टाईप केलं आणि दोन्ही बाजूंच्या आकड्यांची अदलाबदल केली. आता दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर पहिला वर जाणार होता. म्हणजे लहान आकडा आपोआप वर. बंद पडलेल्या चिन्हाची गरजच उरली नाही.

तिनं एंटर दाबलं.

बजरंगांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचलं. "मी दुसरा," ते म्हणाले. "बरोबर हाय. त्या दिशी दुसराच आलतो. गेनबा शेवटाला." मग सरांकडे वळले. "जूनपासनं हिचं नाव घ्या. आन त्यो कीबोर्ड तेवढा धुवा हो, बघवत न्हाई."

मला कोणी धुतलं नाही, ते सोडा. जूनमध्ये नवी मुलं आली. सर उत्साहात म्हणाले, "यंदा नवा प्रोग्राम आहे. कॉपी करा, पेस्ट करा आणि वर आपलं नाव घाला." तो ऋतिकाचाच प्रोग्राम होता. ज्यांनी जन्मात घाट पाहिला नाही, ती मुलं बैलगाड्यांचे नंबर लावू लागली. ऋतिका उठून म्हणाली, "सर, त्या ओळीत दुसरा आकडा आधी का आहे, ते त्यांना सांगू का?"

"कशाला? चालतंय ना?" सर म्हणाले, आणि सगळीकडून सी आणि व्ही वाजू लागले.

मित्रांनो, मला पुसलंत तर तुमचे उपकार होतील, पण माझं मागणं तेवढंच नाही. माझ्यापुढे बसाल तेव्हा निदान एक ओळ स्वतःच्या डोक्यानं लिहा. ती चुकली तरी चालेल. ऋतिकाची बोटं चुकत होती, तेव्हा मला एकदाही किळस आली नव्हती.