रिकामा कुटलेला खल

मित्रांनो, तुम्ही मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाहिलं असेल आणि पायाला ठेच लागल्यावर दोन शब्दही ऐकवले असतील. मी एक जुना दगडी खल आहे. माझा जन्म मारातूनच झाला. खाणीत सुरुंग लावून डोंगर फोडला, त्यातून मी निघालो. मग एका पाथरवटाने आठवडाभर छिन्नी-हातोड्याने माझं पोट कोरलं आणि जन्मभर मला ठोकणारा लोखंडी बत्ता त्यात ठेवून दिला. दगडाला दुखत नाही असा सगळ्यांचा समज आहे. तो तसाच राहू द्या, कारण मला माझं दुखणं सांगायचं नाही.

मी ज्या घरात आलो, तिथे तेव्हा एक नवी सून होती. कामात चोख, बोलण्यात गोड. मिरी इतकी बारीक कुटायची की शेजारणी बघायला यायच्या आणि माझंही कौतुक करून जायच्या. पण तिचा नवरा तिला मारायचा. मार सुरू झाला की त्याची आई मला पुढे ओढायची आणि बत्ता हाणू लागायची. तेव्हा माझ्यात ना मिरी असायची, ना लसूण. मी रिकामा कुटला जायचो. माझा दणका फरशीतून खालच्या घरापर्यंत जायचा आणि त्यात सुनेचा आवाज बुडून जायचा. खालचे म्हणायचे, किती कामसू घर आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातला तोंड दाबणारा हात मी होतो. मला त्याची लाज वाटते.

वर्षं गेली. मारणारा मेला, कुटणारीही गेली. मार खाणारी सासू झाली. तिचा मुलगा गॅरेजात मेकॅनिक होता. त्याचं लग्न झालं आणि दुसऱ्याच महिन्यात त्याने बायकोला लाथ घातली. सासूने काय करावं? तिने मला पुढे ओढलं. नंतर सुनेच्या पाठीला तेल लावताना ती म्हणाली, "उखळात डोकं घातल्यावर मुसळाला घाबरून कसं चालेल?" म्हण माझ्याच भाऊबंदांची, पण त्या दिवशी मला ती मुळीच आवडली नाही.

सकाळी नवरा कामावर गेला की सून मला घेऊन जिन्याच्या वळणावर बसायची. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आणि समोरची नर्सबाई तिथेच भाजी निवडायला यायच्या. तिघींची गट्टी होती. चेन अडकली तर तिच्यावर मेणबत्ती घास, दूध उतू जात असेल तर पातेल्यावर आडवा लाकडी चमचा ठेव, असे सल्ले चालायचे. शिंपीणबाईला डोळ्यांची काळजी, नर्सबाईला नापास होणाऱ्या मुलाची. सून सगळ्यांचं ऐकायची आणि स्वतःचं काही सांगायची नाही. एकदा तिचा डोळा काळानिळा झाला होता. कपाटाचं दार लागलं, असं ती म्हणाली. नर्सबाई म्हणाली, "तुझं कपाट फारच मारकुटं दिसतंय." शिंपीणबाई हसली, सूनही हसली आणि विषय कोथिंबिरीवर गेला. दोघी वाईट नव्हत्या, पण त्यांनी कानाडोळा केला हे खरं.

एके दिवशी शिंपीणबाई कुरकुरली की दुपारी वरच्या कुटण्याने तिचं छत हादरतं आणि सुईत दोरा ओवता येत नाही. सुनेने हातातला बत्ता खाली ठेवला. मग तिने विचारलं, "हा दणका खाली जाऊ नये म्हणून काय करता येईल?" असा प्रश्न म्हणजे शिंपीणबाईच्या हातचा मळ. कोटात घालायचा कापूस आणि उरलेल्या चिंध्या दाबून तिने संध्याकाळपर्यंत एक जाड गादी शिवून दिली. सुनेने ती माझ्याखाली सरकवली. तिने ते विचारून-सवरून, मुद्दाम केलं होतं. मला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

नवरा जेवायला आला. शर्टाचं बटण लावलेलं नव्हतं, एवढंच निमित्त. त्याने तिचा हात पाठीमागे पिरगाळला, तसं खांद्यात काहीतरी कटकन मोडलं. मग केस धरून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. ओट्यावरून रक्त खाली गळू लागलं. सासू सवयीने माझ्यापाशी बसली आणि तिने बत्ता हाणला. नुसतं धप्प झालं. तिने पुन्हा हाणला, पुन्हा तेच. मग तिने मला तिरपा करून खाली पाहिलं. गादी दिसली. सून जमिनीवरून तिच्याकडे बघत होती.

नवरा ओरडला, "आई, जोरात कूट."

सासूने मला हळूच परत गादीवर टेकवलं. "कुटतेय की," ती म्हणाली.

आणि ती त्या गादीवर कुटत राहिली. सून जिवाच्या आकांताने ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरातला आवाज जिन्यात गेला. पावलं धावत वर आली, दारावर थापा पडल्या. नवऱ्याने सुनेचा गळा दाबला. तिचे पाय फरशीवर घासत होते. सासू कडी काढायला उठली, तेव्हा त्याने एका हाताने तिला भिंतीवर ढकललं. तिच्या हातात बत्ता होता. तिने तो त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो. तो विव्हळत खाली बसला आणि तिने दार उघडलं.

नर्सबाईने सुनेचं डोकं बांधलं आणि तिला दवाखान्यात नेलं. पोलीस नवऱ्याला घेऊन गेले. सून जगली. ती त्या घरात परत आली नाही. शिंपीणबाई मात्र दारातच उभी राहिली होती. "मला वाटायचं तुम्ही मसाला कुटताय," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सासू फरशीवरचं रक्त पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्या वेळेला कोणी वर आलं नाही गं."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. धूळ बसली तरी माझं काही बिघडत नाही. पण भलत्या वेळी कुणाच्या घरातून कुटण्याचा आवाज आला, तर नुसतं कपाळाला आठ्या घालून बसू नका. भांडायला का होईना, पण जिना चढा आणि दार वाजवा.