मस्कतचा फोन आणि पवईची फाईल

सत्याऐंशी साली मरोळ गावठणातल्या आमच्या गल्लीत फोन एकच होता, माझ्या घरी. बिल आम्ही भरायचो आणि नंबर अख्ख्या गल्लीने आपापल्या नातेवाइकांना वाटलेला. मी तोंडाने कितीही करवादले तरी बोलावणं करायला चपला अडकवून मीच धावायचे.

त्या रविवारी चर्चमधल्या मिसाहून येते तर माझा भाचा अर्बन आमच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडून, त्याची वायर फोनला जोडून बसलेला. त्याच्या अंधेरीच्या ऑफिसचा फोन आठवडाभर डेड होता, आणि एका पुलाची आकडेमोड पवईच्या इन्स्टिट्यूटमधल्या मोठ्या कॉम्प्युटरला पाठवायची होती.

"फ्लॉपी घे आणि बसने जा की. पवई काय लंडन आहे?" मी म्हटलं.

"त्यांच्या मशिनात आपली फ्लॉपी शिरतच नाही, आंटी. मशिनंच वेगळ्या जातीची. पण फोनवर बोलायची रीत दोघांना एकच शिकवलीय. ती पाळली की कुठलंही मशीन कुठल्याही मशिनाला फाईल देतं."

"दे काय द्यायचं ते. दुपारच्या आत लाईन मोकळी पाहिजे. शेवंतीचा फोन यायचाय."

शेवंती आमच्या मागच्या खोलीतली भाडेकरू, मालवणकडची. तिचा नवरा दशरथ मस्कतला वेल्डर. महिन्यातल्या एका रविवारी तो रांगेत उभा राहून फोन करायचा, आणि लाईन एंगेज लागली की गेला महिना. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. गणपतीला तो कायमचा घरी येणार की नाही, ते आज कळायचं होतं. बिचारी सकाळपासूनच येऊन स्टुलावर बसली होती.

अर्बनने पवईचा नंबर फिरवला. शिट्टीसारखा आवाज आला आणि पडद्यावर आकडे चढायला लागले.

"फाईल अख्खी जात नाही," तो म्हणाला. "बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर नंबर, आणि शेवटी आतल्या मजकुराची एक बेरीज. पलीकडचं मशीन ती बेरीज स्वतः करून बघतं. जुळली तर 'मिळालं' म्हणतं, नाही जुळली तर 'परत पाठव'. उत्तर आल्याशिवाय आपलं मशीन पुढे सरकत नाही."

तेवढ्यात आकडे अडले. मला लगेच कळलं काय झालं असणार. आमच्या बॅप्टिस्टला आतल्या खोलीतल्या एक्स्टेन्शनवरून लोकांचे फोन ऐकायची खोड होती. लग्नाला तीस वर्षं झाली तरी मला ती मोडता आली नव्हती. आतून त्याचा आवाज आला, "हॅलो, कोण शिट्टी मारतंय?"

मी जाऊन त्याच्या हातातला रिसीव्हर काढून ठेवला आणि चार शब्द सुनावले. परत आले तर आकडे पुन्हा चालू. "वाट लागली ना रे तुझ्या फाईलची?"

"काही नाही झालं. एक तुकडा खराब गेला. पवईने तेवढाच परत मागितला, आपण तेवढाच परत दिला."

खरं सांगते, मी त्या डब्यावर खूश झाले. ना चिडचिड, ना टोमणा, ना लाज. नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं, आणि समोरच्यानेही न कुरकुरता परत सांगायचं. आमच्या घरात अशी रीत असती तर माझा घसा वाचला असता.

स्टुलावरून शेवंतीने विचारलं, "आणि बेरीज जुळली नसताना त्याने उगाच 'मिळालं' म्हटलं तर?"

"तर आपण पुढे जाणार. तिकडे भोक राहणार, आणि कोणाला पत्ताच नाही," अर्बन म्हणाला.

शेवंतीचा चेहरा उतरला. मला वाटलं, जागरणाने असेल.

दुपार व्हायच्या आत पहिली फाईल संपवून अर्बनने लाईन सोडली. उरलेल्या फाईली मस्कतचा फोन झाल्यावर पाठवतो म्हणाला. थोड्या वेळाने घंटा वाजली. लाईन नेहमीसारखीच खरखरत होती, भट्टीत लाह्या फुटाव्यात तशी. एरवी शेवंती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून "होय, होय" करत राहायची. परक्याच्या घरातला फोन, तिकडे नवऱ्याच्या मागे रांग, कितीदा विचारणार?

त्या दिवशी ती म्हणाली, "माका आयकाक येवक नाय. परत सांग."

पलीकडून काहीतरी आलं. "अजून नाय इला. परत सांग." आणखी एकदा. मग ती ऐकत राहिली आणि तिचा हात भिंतीला गेला.

"गेल्या म्हयन्यात तू माका दोन वर्सां आणखी रवू काय, असा इचारलंस? आणि मी होय म्हटलंय?"

तिने रिसीव्हर कानाला आणखी दाबला.

"माका कायच आयकाक इला नव्हता रे. मी उगाच होय म्हटलंय. सही केलंस?" ती डोळे मिटून थांबली. "उद्या करतलं होतंस? तर आता आयक. थय रवाचा नाय. घराक ये. आयकलंस?"

त्याने हो म्हटलं असावं, पण तेवढ्यावर तिने सोडलं नाही.

"काय आयकलंस ता माका सांगून दाखव."

ती ऐकत होती आणि ओठ हलवत एकेक शब्द ताडून बघत होती. मग डोळ्यांतलं पाणी न पुसता म्हणाली, "मिळाला," आणि फोन ठेवला.